कॉबेटचा संसार आणि पॅपेझियनचा छंद

ज्या पेयाचा घोट आम्ही आजवर घेतला नाही व पुढेही घेण्याचा संभव नाही, त्याच्या कृतीवरील दोन पुस्तकांचे परीक्षण करावयास आम्ही बसलो आहो, हे पाहून कित्येक वाचकांस हसू येईल. परंतु गळ कधी हाती न धरलेले लोकही आयझाक वॉल्टनचे मासे धरण्याच्या कलेवरील पुस्तक १६५३ पासून आजतागायत आवडीने वाचीत आले आहेत, आणि पाकशास्त्रावरील ग्रंथ चाळणारे सगळेच काही चुलीपुढे बसत नाहीत. कादंबरी लिहिताना मनुष्य सावध असतो. कृती सांगताना तो बेसावध असतो. त्यामुळे त्याचे घर, त्याचा स्वभाव, त्याचे शत्रू ही सारी मंडळी त्या कृतीत नकळत येऊन बसतात. प्रस्तुत दोन पुस्तकांत ती फार गर्दीने आली आहेत.

निमित्त मात्र घरगुती आहे. आमचा भाचा कित्येक वर्षे अमेरिकेत कोलोरॅडो संस्थानात असतो. गेल्या वर्षी सुनेच्या बाळंतपणासाठी अक्का तिकडे गेली. जिन्याखालच्या अडगळीत तिला एक मोठी काचेची बरणी दिसली. आत तांबूस पाणी, वर जाड फेस, आणि बुचात बसविलेल्या वाकड्या नळीतून एकामागून एक बुडबुडे. वासावरून तिला प्रथम वाटले की सुनेने कुरडयांसाठी गहू भिजत घातले असावेत. खरा प्रकार कळल्यावर तिने तीन दिवस मुलाशी अबोला धरला, व चौथ्या दिवशी आम्हास फोन करून म्हणाली, "अरे, पोटच्या मुलाच्या घरी दारूची भट्टी लागलेली पाहिली मी. तू त्याचा मामा. तू तरी काही बोल." आम्ही बोललो. भाच्याने सारे ऐकून घेतले व म्हणाला, "मामा, तुम्ही आधी पुस्तक वाचा. मग आईला काय सांगायचे ते सांगा." आणि इकडे येणाऱ्या एका स्नेह्याबरोबर त्याने ते पुस्तक पाठवूनही दिले. पानोपानी चिकट डाग पडलेले, पाठ उसवलेली, मधूनमधून पेन्सिलीने आकडे मांडलेले; थोडक्यात, आमच्या आईच्या काळच्या पाकशास्त्राच्या पुस्तकासारखी त्याची अवस्था होती.

ते पुस्तक म्हणजे चार्ली पॅपेझियन यांचे 'द कम्प्लीट जॉय ऑफ होम ब्रूइंग'. प्रथम प्रसिद्धी १९८४. तेव्हापासून त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या असून, घरी बिअर करणारांमध्ये त्याला जवळजवळ पोथीचा मान आहे.

पुढे जाण्यापूर्वी, ज्या वाचकांस या विषयाचा गंध नाही त्यांच्यासाठी मूळ क्रिया सांगून ठेवतो. जव भिजवून त्यांस मोड आणतात व मोड फुटताच ते वाळवून भाजतात. यास माल्ट म्हणतात. आपल्याकडे नाचणीचे सत्त्व करताना निम्मे हेच करितात. हा माल्ट भरडून सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात तासभर मुरू दिला की दाण्यातील पिठूळ अंशाची साखर होते. ते गोड पाणी गाळून घेऊन हॉप नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर तासभर उकळावे. फुलांनी त्यास कडवटपणा येतो व ते टिकतेही. मग निववून त्यात यीस्ट घालावे. यीस्ट साखर खाते व तिच्या जागी मद्यार्क ठेवून जाते. अक्काने पाहिलेले बुडबुडे त्याच्याच श्वासाचे. आठ-पंधरा दिवसांनी बुडबुडे थांबले म्हणजे थोडी साखर घालून बाटल्या भरतात, व त्या साखरेने बाटलीत फेस कोंडला जातो. बुडबुडे थांबण्याआधीच कोणी उतावळ्याने बाटल्या भरल्या तर त्या फुटतात, व काचा भिंतीत रुतण्यापर्यंत मजल जाते. आणखी एक सांगणे अवश्य आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा कायदा नाव बदलून आजही अमलात असून, परवान्यावाचून घरी मादक पेय तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा या लेखास कोणी कृतीचे टिपण समजू नये.

अमेरिकेतील गोष्ट याहून चमत्कारिक आहे. १९२० ते १९३३ या तेरा वर्षांत तेथे देशभर दारूबंदी होती व त्या काळी लोक न्हाणीघरात, तळघरात कशीबशी बिअर करीत. बंदी उठल्यावर घरी द्राक्षासव करण्याची मुभा कायद्याने दिली. बिअरचा उल्लेख मात्र राहून गेला. तो राहिला तो पंचेचाळीस वर्षे राहिला. १९७८ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष कार्टर यांनी ज्या विधेयकावर सही केली त्यात ही चूक दुरुस्त झाली, व १ फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढ माणसाच्या घरास वर्षाकाठी १०० गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन बिअर बिनकराने करता येऊ लागली. तरीही प्रत्येक संस्थानाचा कायदा निराळा. मिसिसिपी व अलाबामा यांनी २०१३ साली परवानगी दिली तेव्हा हे वर्तुळ पुरे झाले.

पॅपेझियन हा या संधिकालातला मनुष्य. व्हर्जिनिया विद्यापीठात अणुशक्तीच्या अभियांत्रिकीची पदवी घेऊन हा गृहस्थ कोलोरॅडोतील बोल्डर गावी आला आणि लहान मुलांच्या शाळेत शिक्षक झाला! संध्याकाळी प्रौढांस तो घरी बिअर करावयास शिकवी. १९७८ साली त्याने चार्ली मॅट्झन या मित्राबरोबर घरगुती बिअर करणारांची संस्था काढली व 'झायमर्जी' नावाचे नियतकालिक सुरू केले. त्या वर्गात वाटलेल्या टिपणांतून वाढत वाढत हे पुस्तक झाले आहे, आणि त्याचे गुण व दोष दोन्ही वर्गातलेच आहेत.

गुण प्रथम. नवशिक्याचा खरा शत्रू अज्ञान नसून भीती आहे, हे या शिक्षकाने अचूक हेरले आहे. पहिल्यांदा पोळ्या लाटणाऱ्या मुलीस तिची आजी ज्या सुरात धीर देते, त्या सुरात तो बोलतो. चिंता सोडून निवांत बसावयास सांगणारे एक पालुपद त्याने योजिले असून, कठीण स्थळ आले की ते हटकून येते: पाणी जास्त तापले तरी तेच, यीस्टने काम सुरू करण्यास उशीर लावला तरी तेच. पुस्तकाचे तीन भाग केले आहेत: नवख्यांसाठी, मध्यमांसाठी व प्रवीणांसाठी. पहिल्या भागात माल्टचा डब्यात मिळणारा पाक वापरून पाच गॅलनांचा घाणा कसा काढावा एवढेच आहे. दाणे भरडून मुरविण्याचे कष्ट अखेरच्या भागावर ठेविले आहेत. ही योजना शहाणपणाची आहे. आपल्याकडील संगीताचे मास्तर पहिल्याच दिवशी श्रुतींची चर्चा काढून जे विद्यार्थी पळवून लावतात, त्यांनी ती पाहावी. स्वच्छतेविषयी मात्र तो कोठेही ढिलाई खपवून घेत नाही. भांडी, नळ्या, बाटल्या निर्जंतुक नसतील तर पुढचे सारे व्यर्थ, हे तो थट्टा बाजूस ठेवून सांगतो, आणि त्या पानांवर मागे दडलेला शास्त्रज्ञ डोके वर काढतो.

दोष असा की थट्टा फार वेळ बाजूस राहात नाही. कृतींची नावे तर पाहावी! एका काळ्या बिअरचे नाव बेडकाच्या थुंकीवरून ठेविले आहे. इतर काहींची नावे या मासिकाच्या पानावर छापण्याजोगी नाहीत. पहिल्या पन्नास पानांत जो विनोद सोबतीसारखा वाटतो तोच दोनशेव्या पानावर, लग्नघरात रात्री दोनपर्यंत न झोपणाऱ्या पाहुण्यासारखा वाटू लागतो. पालुपदाचेही तसेच. अभंगात ध्रुवपद प्रत्येक वेळी नव्या कडव्याला भेटते व त्याचा रंग बदलतो. येथे ते भरतीसारखे येते. परंतु याहून मोठी उणीव निराळी आहे. इतक्या आनंदाने एखादी वस्तू कशी करावी हे सांगणारा लेखक, ती करावी का, या प्रश्नाशी फारसा थांबत नाही. दुकानात मिळते तिच्यापेक्षा चांगली होते, आपल्या हातची असते, मित्र जमतात, बस. अक्काने विचारलेला प्रश्न या पुस्तकाच्या वेशीवर उभा आहे, पण त्यास कोणी आत बोलावीत नाही. पिण्याचे परिणाम, घरातील मुलेमाणसे, मनुष्य मर्यादा ओलांडतो तो क्षण, यांविषयी पुस्तकाचा जीव रमत नाही. छंदावरील बहुतेक पुस्तकांचे असेच असते, हे आम्ही जाणतो. पोस्टाची तिकिटे जमविणारास कोणी त्याचे प्रयोजन विचारीत नाही. पण तिकिटांनी कोणाचा संसार बुडाल्याचे ऐकिवात नाही.

येथवर मत बनले होते व ते भाच्यास कळविण्याच्या बेतात आम्ही होतो. इतक्यात आमच्या कपाटातील एका जुन्या पुस्तकाची आठवण झाली, आणि काम बिघडले, किंवा सुधारले म्हणा.

विल्यम कॉबेटचे 'कॉटेज इकॉनॉमी' हे पुस्तक १८२१-२२ साली लहान लहान भागांनी निघाले. कॉबेट (१७६३–१८३५) हा सरे परगण्यातील फार्नम येथील शेतकऱ्याचा मुलगा; फार्नम हा हॉपच्या मळ्यांचा मुलूख. हा मनुष्य सैन्यात शिपाई होता, अमेरिकेत पत्रकार होता, इलि येथे शिपायांस फटके मारविल्याबद्दल सरकारवर टीका केली म्हणून १८१० पासून दोन वर्षे न्यूगेटच्या तुरुंगात होता, आणि वयाच्या सत्तरीच्या आसपास ओल्डहॅमतर्फे पार्लमेंटात निवडून गेला. त्याची गद्यशैली इंग्रजीत अव्वल दर्जाची मानतात, व ती तशी आहे. मजूर कुटुंबाने बिअर, भाकरी, गाय, डुक्कर, मधमाश्या यांच्या बळावर कोणाच्या तोंडाकडे न पाहता कसे जगावे, हा पुस्तकाचा विषय; परिच्छेदांस कायद्याच्या कलमांसारखे अनुक्रमांक घातले आहेत. आणि आरंभ कशाने? भाकरीने नव्हे, तर बिअरने.

त्याचे कारण राजकीय आहे. कॉबेटच्या बालपणी त्या भागात बहुतेक शेतकरी व पुष्कळ मजूर घरीच बिअर करीत. ससेक्समधील एलमन नावाच्या वृद्ध शेतकऱ्याने १८२१ च्या सुमारास पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली की, चाळीस-पंचेचाळीस वर्षांमागे आपल्या गावात प्रत्येक मजूर स्वतःची बिअर करी, आता तसा एकही उरला नाही. ही साक्ष कॉबेटने उचलून धरली आहे. मधल्या काळात झाले होते असे: लढायांच्या खर्चासाठी सरकारने माल्टवर व हॉपवर कर चढविला, मजुरी मात्र त्या मानाने चढली नाही. माल्ट घेणे परवडेना, तेव्हा मजूर संध्याकाळी गुत्त्यात जाऊ लागला व घरी बायकामुले चहा पिऊ लागली. कॉबेटचा सारा संताप यातून येतो. त्याच्या लेखी घरची बिअर ही मौज नव्हे. कर वसूल करणारा, मोठा कारखानदार आणि गुत्तेवाला या तिघांच्या तावडीतून सुटण्याची ती किल्ली आहे.

आणि या संतापात त्याने चहाची जी दुर्दशा केली आहे ती आमच्यासारख्या, सकाळी पहिल्या कपावाचून वर्तमानपत्रही न उघडणाऱ्या वाचकाने मुळातूनच वाचावी. चहात पोषण नाही, तो झोप उडवितो, हातपाय लुळे करितो, तरुण मुलांस बायकी करितो, मुलींस आळशी बनवितो; एकही दुर्गुण त्याने चहाच्या पदरात घालावयाचा शिल्लक ठेविलेला नाही. वर हिशेब! चूल पेटवा, पाणी उकळा, चहा करा, प्या, भांडी विसळा, पुन्हा सारे जागच्या जागी ठेवा. यास तो दिवसाचे दोन तास धरतो व वर्षाचे दिवस मोजून त्यांची मजुरी चहाच्या खात्यावर टाकतो. शेवटी दाखला देतो तो डुकरांचा. एका डुकरास वर्षभराच्या बिअरचा माल्ट घाला, तो गुटगुटीत होईल. दुसऱ्यास वर्षाचे ७३० वेळचे चहापाणी घाला, तो उपासाने मरेल. या युक्तिवादात तर्कदोष किती आहेत हे मॅट्रिकचा मुलगाही सांगेल. माल्ट सगळा खाऊ घालावयाचा, आणि बिअरमध्ये मात्र त्याचा अर्कच उतरावयाचा, हे त्याच्या ध्यानात नसेल असे नाही. पण वाचताना हसू आवरत नाही व हसता हसता त्याच्या बाजूने थोडे झुकल्यासारखे होते. चहा आपल्या घरांत नवा आला तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्यास ज्या शिव्या घातल्या त्यांत एवढी कल्पकता नव्हती.

बिअरच्या बाजूचा त्याचा हिशेब पाहा. सप्टेंबरअखेरपासून मार्चअखेरपर्यंत कुटुंबास रोज दोन क्वार्ट, एप्रिल-मे महिन्यांत तीन, जून व सप्टेंबर या महिन्यांत चार, आणि पीककापणीच्या जुलै-ऑगस्टमध्ये पाच. बेरीज १,०९७ क्वार्ट, म्हणजे २७४ गॅलन. आम्ही दिवस मोजून ताडून पाहिले. बेरीज बरोबर आहे. एवढ्याने ज्यांचे भागत नसेल ते दारुडेच म्हणावयाचे, असा शेराही त्याने मारून ठेविला आहे. तेव्हा पॅपेझियनने जो प्रश्न वेशीबाहेर ठेविला तो कॉबेटने पहिल्याच चार पानांत घरात घेतला आहे व त्यास एक मापही लावून दिले आहे. ते माप आजच्या वैद्यास मान्य होणार नाही. अक्कास तर नाहीच नाही. पण माप असावे, हे त्यास कळत होते. घरी मिळाली तर मनुष्य गुत्त्यात जाणार नाही, गुत्त्यात गेला नाही तर पैसा व वेळ घरी राहील, ही त्याची मांडणी दारूबंदीवाद्यांस उलटी वाटेल. परंतु तिच्या मुळाशी संसाराची चिंता आहे, जिभेची नाही.

कृती सांगण्यातही या मनुष्याचा हात पॅपेझियनहून श्रेष्ठ आहे असे आम्हास वाटते. एकच उदाहरण. माल्टवर घालावयाचे पाणी किती कढत असावे? पॅपेझियनपाशी उष्णतामापक आहे, घनतामापक आहे, आकडे आहेत. कॉबेटपाशीही आकडा आहे. पण मजुराच्या घरी उष्णतामापक कोठून येणार? म्हणून तो सांगतो की उकळते पाणी पिंपात ओतून थांबावे, व वाफ विरत जाऊन पाण्यात आपले तोंड स्वच्छ दिसू लागले म्हणजे माल्ट घालावा. हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेविले. पहाटेचा काळोख, पिंपावर वाकलेला चेहरा, त्याच्याभोवती विरणारी वाफ. वर्णन म्हणून लेखकाने येथे एक अक्षरही लिहिलेले नाही, त्याला फक्त उष्णता सांगावयाची आहे. त्याच दाण्यांतून पहिल्या पाण्याची कडक एल व दुसऱ्या पाण्याची पातळ बिअर कशी काढावी, हे त्याने ज्या तपशिलाने सांगितले आहे ते नारळाचे पहिले व दुसरे दूध काढणाऱ्या कोकणातील गृहिणीस न शिकविता समजेल. उरलेला चोथा डुकरास. काहीही वाया जावयाचे नाही.

चेस्टरटनने १९१६ च्या एका आवृत्तीस प्रस्तावना लिहिली, त्यावरून या पुस्तकाने शंभर वर्षांनंतरही लोकांस कसे भारले होते हे दिसते. त्या भारलेपणात एक गोष्ट नजरेआड होते, ती सांगणे टीकाकाराचे काम आहे. पिंपावर वाकलेला तो चेहरा कोणाचा? कॉबेट बोलतो पुरुषाशी, पण काम बहुतांशी बाईचे. ज्या स्त्रीस भाकरी भाजता व बिअर करता येत नाही तिच्या योग्यतेविषयी त्याने फार कठोर उद्गार काढले आहेत. त्याच्या स्वतःच्या लग्नाची हकीगत प्रसिद्धच आहे: बर्फ पडलेल्या पहाटे एक मुलगी अंगणात धुण्याचे पिंप घासताना त्यास दिसली व त्याने मनाशी ठरविले की बायको करावयाची तर हीच. गोष्ट गोड आहे. पण त्या पहाटे तिच्या बोटांस काय वाटत होते हे त्याने लिहिलेले नाही. चहाच्या दोन तासांचा पैन् पै हिशेब मांडणारा हा गृहस्थ बिअरच्या खात्यावर आला की तितका चिकट राहात नाही. ज्युडिथ बेनेट या इतिहासलेखिकेने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले आहे की, इंग्लंडात १३०० च्या सुमारास एल करून विकणे हा बहुतेक बायकांचा धंदा होता. त्यात भांडवल व नफा वाढत गेला तसतसा तो पुढील तीनशे वर्षांत पुरुषांच्या हाती गेला. धंदा गेला, घरचे पिंप मात्र बाईकडेच राहिले. आज पॅपेझियनची लाकडी ढवळणी वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय इतिहासाच्या वस्तुसंग्रहालयात ठेविलेली आहे. तिचा मान तिला मिळावा, याविषयी आमचा वाद नाही. पण ज्या असंख्य ढवळण्या चुलीत गेल्या त्यांची आठवण त्या काचेपुढे उभे राहून कोणास होत असेल की नाही, कोण जाणे. आमच्या भाचेसुनेस विचारले तेव्हा ती म्हणाली, "मामा, बिअर त्यांची, पण उकळी उतू गेली की शेगडी मीच पुसते."

कॉबेट आपल्या लढाईत हरला. माल्टवरील कर त्याच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी, १८८० साली, ग्लॅडस्टनने काढला. पण त्याच वर्षापासून घरी बिअर करणारास परवाना घ्यावा लागू लागला, आणि तोवर बहुतेक घरांतील पिंपे कोरडी पडली होती. १९६३ साली मॉडलिंग या अर्थमंत्र्याने तो परवाना रद्द केला व इंग्लंडात ही क्रिया पुन्हा सुरू झाली. पण कोणाच्या घरी? साउदॅम्प्टनचा डेव्ह लाइन हा विजेच्या कामातला इंजिनिअर. १९७४ चे त्याचे पुस्तक अजूनही तेथील लोक प्रेमाने वापरतात. अमेरिकेत २००० नंतर ज्याचे पुस्तक पॅपेझियनच्या शेजारी जाऊन बसले तो जॉन पामर धातुशास्त्रज्ञ. पुस्तक चोख आहे, पाण्यातील क्षारांवरील भाग तर उत्तम आहे, मात्र त्यात बोलणारा मनुष्य कमी व सांगणारा तज्ज्ञ अधिक. पीककापणी करणारा मजूर या पुस्तकांत कोठेच नाही. त्याच्या हातून सुटलेली वस्तू दीडशे वर्षांनी पदवीधराच्या हाती छंद म्हणून आली.

येथे पॅपेझियनविषयीचे आमचे आधीचे मत थोडे बदलावे लागले, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एवढ्या अवाढव्य देशात बिअरचे शंभरही कारखाने उरले नव्हते, व जे होते ते बहुतेक एकाच चवीची फिकी बिअर काढीत. अशा वेळी पाच गॅलनांचे पातेले चुलीवर चढविणे ही निव्वळ चैन नव्हती. केन ग्रॉसमनने कॅलिफोर्नियातील चिको येथे १९७६ साली घरगुती बिअरच्या सामानाचे दुकान काढले, आणि १९८० पासून सिएरा नेवाडा या आपल्या कारखान्यातून माल बाजारात आणला. त्याच्यामागून असे शेकडो निघाले; आज त्या देशात नऊ हजारांहून अधिक कारखाने असून त्यांतील पुष्कळांचा उगम कोणाच्या तरी स्वयंपाकघरात आहे. म्हणजे कॉबेटने कारखानदाराविरुद्ध जे शस्त्र उपसले तेच पॅपेझियनने हसत हसत उपसले, आणि तो जिंकला. मात्र त्याच्या विजयात नवे कारखानदारच उदयास आले, हे कॉबेटला रुचले असते असे वाटत नाही. आणि तो हसतो का, याचाही थोडा उलगडा झाला. जी गोष्ट कालपर्यंत बेकायदा होती ती सभ्य माणसांच्या गळी उतरविण्यास विनोदासारखे वाहन नाही. तरीही बेडकाच्या थुंकीस आम्ही क्षमा केलेली नाही.

एक फरक मात्र मिटत नाही. आम्ही भाच्यास विचारले, "दुकानातल्यापेक्षा हे स्वस्त पडते का?" तो हसला. "बरणी, पातेले, नळ्या, थंड करायचे तांब्याचे वेटोळे, सगळे धरले तर दुकानातलीच स्वस्त. हिशेब करायचा असता तर मी हे केलेच नसते, मामा." कॉबेटच्या पुस्तकातील प्रत्येक कलम हिशेबाने सुरू होते; या मुलाच्या आनंदाची पहिली अट हिशेब न करणे ही आहे. दिवसभर दुसऱ्याच्या कचेरीत आकडे मांडणारास शनिवारी सात तास असे हवेत की ज्यांचे मोल कोणी विचारू नये. यात काही वावगे आहे असे आम्हास म्हणवत नाही, पण या सात तासांसाठी बाळास कोण धरते, हा आकडा कोठेतरी मांडला गेला पाहिजे. पॅपेझियनच्या पुस्तकात त्यास जागा नाही, कॉबेटच्या पुस्तकात जागा असून तो मांडलेला नाही. वाङ्मय म्हणून आम्ही कॉबेटच्या बाजूचे आहो. तो अन्यायी आहे, अतिशयोक्तीचा भोक्ता आहे, पण त्याच्या पुस्तकात बिअरच्या पिंपाभोवती सारे गाव उभे आहे. पॅपेझियनच्या पुस्तकात एक आनंदी मनुष्य व त्याचे मित्र एवढेच दिसतात.

हे सारे अक्कास फोनवर सांगणे कठीण होते. म्हणून डुकरांची गोष्ट तेवढी सांगितली. पलीकडे बराच वेळ काही बोलणे नाही. मग ती म्हणाली, "डुकराला चहा पाजणारा हा मेला कोण?" आणि हसली. अबोला त्याआधीच सुटला होता असे कळले. नातू झाल्यावर कोण कोणाशी किती दिवस अबोला धरणार! बिअरविषयी तिचे मत होते तेच आहे, व ते बदलावे अशी खटपट आम्ही केली नाही. फक्त एके शनिवारी भाचा पातेल्यातून काढलेला जवाचा चोथा कचऱ्याच्या पिशवीत भरीत असताना ती पाहात होती. "एवढा दाणा फेकून देतोस?" असे म्हणून तिने तो काढून घेतला, भट्टीच्या मंद आचेवर वाळविला, मिक्सरवर दळला व थालीपिठाच्या भाजणीत मिसळला. चव बरी आली, पण तुसे दातांत अडकतात, असे ती सांगते.